‘आकी, एन ला लूचा’ : आदा मारिया इसासी-दियास यांच्याविषयी

जाईजुई

मी न्यू जर्सीत युनियन सिटी भागात घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. हडसन नदीच्या या काठावर क्युबातून आलेली माणसं इतकी दाट वसली की या गावाला ‘हडसनवरचं हवाना’ असं नावच पडलं. माझ्या पेशंटपैकी एक आजी आहेत, ऐंशीच्या पुढच्या, खुब्याचं ऑपरेशन झालेल्या. दारातच मी मोडक्या स्पॅनिशमध्ये “कशा आहात?” विचारते आणि त्यांचं ठरलेलं उत्तर येतं, “आकी, एन ला लूचा.” इथेच, लढ्यात. पहिल्या दिवशी मी घाबरून विचारलं, फार दुखतंय का? त्या म्हणाल्या, नाही गं, असंच म्हणतात. आपण ‘चाललंय रेटत’ म्हणतो तसं. फरक एवढाच की त्यांच्या रोजच्या खुशालीतच लढा आहे.

त्यांच्या मुलीशी या शब्दावर बोलताना तिने एक पुस्तक हातात ठेवलं. ‘एन ला लूचा’ हेच त्याचं नाव, साल १९९३, लेखिका आदा मारिया इसासी-दियास, क्युबात जन्मलेल्या कॅथलिक थिऑलॉजियन. गेले चार महिने मी या बाईंचं मिळेल ते वाचते आहे. मराठीत त्यांच्यावर काही सापडलं नाही, म्हणून हा धागा.

(थिऑलॉजी म्हणजे देव आणि श्रद्धा यांचा अभ्यासपूर्ण विचार. मी ‘थिऑलॉजी’ हाच शब्द वापरणार आहे. ‘धर्मशास्त्र’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे स्मृतिग्रंथ येतात आणि इथे तर त्याच्या अगदी उलट प्रकार आहे.)

जन्म २२ मार्च १९४३, हवाना. घर कॅथलिक, शाळा उर्सुलाइन नावाच्या संघातल्या सिस्टरांची, म्हणजे जोगिणींची. क्रांतीनंतर १९६० मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, निर्वासित म्हणून अमेरिकेत आल्या आणि पुढे त्याच उर्सुलाइन संघात दाखल झाल्या. १९६७ मध्ये संघाने त्यांना पेरूला, लिमा शहरात पाठवलं. तिथे त्या जवळजवळ तीन वर्षं होत्या. ही वर्षं लक्षात घ्या. त्याच देशात, त्याच सुमारास गुस्ताव्हो गुतिएरेस हे पाद्री गरिबांच्या बाजूने बायबल वाचायला लागले होते. लॅटिन अमेरिकेतल्या बिशपांची मेदेयिनची प्रसिद्ध परिषदही, जिथे चर्चने गरिबांची बाजू घेतली, १९६८ चीच. आदा मारिया मात्र पुढे सांगत राहिल्या की आपल्याला शिकवलं ते लिमाच्या गरीब माणसांनी. शुभवर्तमान शिकवायला गेले आणि तेच शिकून आले, असा त्यांचा सूर आहे.

दशक संपता संपता त्यांनी संघ सोडला. चर्च कधीच सोडलं नाही.

मग १९७५. नोव्हेंबरच्या अखेरीस, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत, डेट्रॉइटला कॅथलिक बायकांची परिषद भरली. विषय एकच, बायकांना पुरोहितपद मिळावं. बाराशेच्या आसपास माणसं आली. आदा मारिया आपला स्त्रीवादी म्हणून जन्म त्या शनिवार-रविवारचा मानत. पुढची काही वर्षं त्यांनी या चळवळीचं पूर्ण वेळ काम केलं आणि तिथेच दुसरा धडा मिळाला. गोऱ्या मैत्रिणींबरोबर पुरुषसत्तेविरुद्ध लढायला जागा होती. पण ‘निर्णय कोण घेणार’ हा प्रश्न काढला की वातावरण बदलायचं. इकडे स्वतःच्या लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकेतून आलेल्यांच्या, समाजात ऐकावं लागायचं की स्त्रीवाद हे गोऱ्या बायकांचं खूळ आहे. दोन्ही घरांत आपण पाहुण्याच, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना पुढचं सगळं चटकन कळेल.

१९८३ मध्ये चाळिशीत त्या न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत विद्यार्थिनी म्हणून गेल्या. तिथे जेम्स कोन ब्लॅक थिऑलॉजी, म्हणजे काळ्या लोकांच्या मुक्तीच्या बाजूने केलेली थिऑलॉजी, शिकवत होते. काळ्या बायका आपली ‘वुमनिस्ट’ मांडणी उभी करत होत्या. शब्द लेखिका ॲलिस वॉकर यांचा. स्वतःच्या विचाराला स्वतःचं नाव हवं, ही गोष्ट आदा मारियांनी त्यांच्याकडून घेतली आणि शब्द घडवला ‘मुहेरिस्ता’. ‘मुहेर’ म्हणजे बाई. मला यातली एक बारीक गोष्ट फार आवडते. आपल्या ‘स्त्रीवादी’मधला ‘स्त्री’ घरात कोणी म्हणत नाही. घरात ‘बाई’ म्हणतात. ‘मुहेर’ तसा घरातला शब्द आहे. लॅटिना बायकांच्या मुक्तीच्या लढ्याची बाजू जी निवडते ती मुहेरिस्ता, अशी त्यांची व्याख्या.

आता मुख्य गोष्ट, त्यांची पद्धत. थिऑलॉजी म्हणजे ग्रंथ, परंपरा, तत्त्वज्ञान. तिथे या बाई टेपरेकॉर्डर घेऊन बायकांसमोर बसल्या. योलांदा तारांगो या मेक्सिकन-अमेरिकन सिस्टरबरोबर त्यांनी १९८८ मध्ये पुस्तक काढलं, त्यात क्युबन, पोर्तो रिकन आणि मेक्सिकन-अमेरिकन बायका बोलतात. देव तुमच्यासाठी कोण? पाप म्हणजे काय? निर्णय कसा घेता? त्या उत्तरांकडे त्यांनी फक्त ‘माहिती’ म्हणून पाहिलं नाही. या बायका स्वतःच थिऑलॉजी करतात, हा त्यांचा आग्रह होता. थिऑलॉजीचा उगम त्यांनी ‘लो कोतिदियानो’त शोधला. म्हणजे रोजचं. भाडं भरायचंय, मुलाला ताप आहे, बस चुकली, साहेब ओरडला, आणि तरी संध्याकाळी कोपऱ्यातल्या मेरीमातेपुढे मेणबत्ती लागली. हे रोजचंच जग आहे जिथे अन्याय कळतो आणि त्याला उत्तरही शोधलं जातं.

‘एन ला लूचा’मागे त्यांच्या आईही आहेत. त्या मुलीला सांगत की देवाकडे एवढंच मागावं, लढायला तब्येत आणि ताकद दे. लढाच नको, असं मागू नये. ‘ला विदा एस ला लूचा’, जगणं म्हणजेच लढा. मुलीने आईच्या वाक्याला विद्यापीठात नेऊन बसवलं. १९९१ ते २००९ त्या इथल्याच मॅडिसन गावातल्या ड्रू विद्यापीठात शिकवत होत्या. माझ्या घरापासून अर्ध्या तासावर, आणि मी या देशात आले तेव्हा त्या हयात होत्या, हे कळल्यावर जीव हळहळला.

शेवटचा मुद्दा भाषेचा, आणि त्यासाठीच मला तुमची मदत हवी आहे. बायबलमधल्या ‘देवाच्या राज्या’ला इंग्रजीत ‘किंगडम’ म्हणतात. आदा मारियांनी तो शब्द टाकला. एक कारण, राजा म्हटलं की देव पुरुष ठरतो. दुसरं, राज्य म्हटलं की वर-खाली आलं, मालक आणि प्रजा आली. त्यांच्या जॉर्जीन विल्सन नावाच्या फ्रान्सिस्कन सिस्टर मैत्रिणीने एक शब्द सुचवला होता, ‘किन-डम’. इंग्रजी स्पेलिंगमधलं एक ‘जी’ अक्षर गाळलं, की राजा जातो आणि नातलग येतात. आदा मारियांनी हा शब्द जगभर पोचवला. देवाचं पूर्णपण रोजच्या जगण्यात उतरेल तेव्हा आपण सगळे एकमेकांचे बहीण-भाऊ असू, असा त्याचा अर्थ.

मराठीत हे कसं म्हणाल? मी ‘गणगोत’वर आले आहे. ‘देवाचं गणगोत’. कसं वाटतं?

दुर्वांकुर

काय सुंदर लिहिलंयस जाईजुई. ‘गणगोत’ वाचून अंगावर काटा आला. माझी सासू अकरा वाजता जेवणाचे डबे पोचवून आली की “झाली आजची लढाई” म्हणते. आता ते वाक्य वेगळं ऐकू येईल.

बावखल

मी वसईची, कॅथलिक. धागा पाहून खूप बरं वाटलं, कारण आमच्यावर इथे लिहिलं जातं ते नाताळात आणि केकच्या पाककृतीत.

आमच्या गावात घरोघरची रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, बायका सांगतात. मुलांना धर्मशिक्षण बायका देतात. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, माझ्या आईच्या लहानपणी लॅटिनमध्ये होती, साठच्या दशकातल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मराठीत आली आणि आईला पहिल्यांदा कळलं की फादर वेदीवरून काय म्हणतात. पण वेदीपाशी उभं राहण्याचा प्रश्न काढला की आवाज खाली येतात. माझा प्रश्न असा, त्यांना स्वतःला पुरोहित व्हायचं होतं का? आणि एवढं बोलूनही त्या चर्चमध्ये कशा राहिल्या?

जाईजुई

बावखल, तुमच्या आईचं वाचून थांबले क्षणभर.

हो, त्यांना व्हायचं होतं. पण डेट्रॉइटची मागणी ‘आहे त्या शिडीवर आम्हालाही एक पायरी द्या’ एवढीच नव्हती. पुरोहितपद हेच नव्याने घडवा, अशी होती. उत्तर लगेच आलं. १९७६ च्या घोषणापत्रात रोमने सांगितलं की पुरोहित ख्रिस्ताची खूण आहे, ख्रिस्त पुरुष होता, म्हणून खुणेतही ते साम्य हवं. १९९४ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी पुन्हा दार लावलं. म्हणजे त्यांच्या हयातीत काहीच हललं नाही.

कशा राहिल्या, याचं उत्तर मला त्यांच्या पॅरिशमध्ये, म्हणजे त्या जात त्या स्थानिक चर्चमध्ये, दिसतं. ईस्ट हार्लेममधलं अवर लेडी क्वीन ऑफ एंजल्स. लॅटिनो वस्ती, बहुतेक म्हाताऱ्या बायका. २००७ मध्ये आर्चडायोसिसने, म्हणजे आर्चबिशपांच्या धर्मप्रांताने, ते चर्च बंद केलं. बायका आत ठाण मांडून बसल्या, काहींना पोलिसांनी अटक केली. मग कुलूप लागलेल्या दारासमोर, फुटपाथवर, त्या दर रविवारी प्रार्थनेला जमू लागल्या. पाऊस असो की बर्फ, वर्षानुवर्षं. आदा मारिया याच बायकांच्या. त्यांच्यासाठी चर्च म्हणजे या बायका होत्या, आणि बायकांना कुलूप लावता येत नाही.

प्रश्नचिन्ह

लेख आवडला, तरी मतभेद नोंदवतो.

पहिली गोष्ट, क्युबातून आलेली, शाळा-कॉलेज शिकलेली, पुढे प्राध्यापक झालेली बाई. टेक्सासच्या शेतात राबणाऱ्या मेक्सिकन बाईच्या वतीने तिने ‘आपण लॅटिना’ म्हणावं का? निर्वासित म्हणून येणं आणि कागदपत्रांशिवाय येणं यात फार अंतर आहे.

दुसरी, ‘मुहेरिस्ता’ हा शब्द लॅटिनांमध्येही सर्वमान्य नाही. मारिया पिलार आकीनो या मेक्सिकोत जन्मलेल्या थिऑलॉजियनने स्पष्ट विरोध केला आहे. त्यांचं म्हणणं, स्वतःला मुहेरिस्ता म्हणवणारी चळवळ ना अमेरिकेत आहे, ना लॅटिन अमेरिकेत. उलट ‘फेमिनिस्ता’ म्हणवून लढलेल्या बायकांची मोठी परंपरा लॅटिन अमेरिकेतच आहे, तो शब्द गोऱ्यांना का देऊन टाकायचा? आकीनो आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये जो निबंधसंग्रह काढला, त्याच्या नावातही ‘लॅटिना फेमिनिस्ट’ आहे.

जाईजुई

आकीनो वाचल्या आहेत आणि दुसऱ्या मुद्द्यावर मला त्यांचंच पटतं. शब्द टेबलावर घडला, रस्त्यावर नाही. तो जेवढा अभ्यासकांत चालला तेवढा स्वयंपाकघरांत चालला नाही. माझ्या पेशंट आजींना ‘मुहेरिस्ता’ माहीत नाही, ‘एन ला लूचा’ माहीत आहे.

पहिल्या मुद्द्यावर थोडी बाजू घेते. त्या स्वतःची जागा लपवत नाहीत. मी क्युबन, मी या वर्गातली, मी इथून बोलते, हे लिहितात. आपण कुठूनच बोलत नाही असं भासवणारी थिऑलॉजीच त्यांना अप्रामाणिक वाटे. शिवाय ‘एकजूट’ या विषयावरच्या निबंधात त्या दानधर्मावर कडक बोलतात. शेजाऱ्यावर प्रेम म्हणजे उरलंसुरलं देणं नव्हे. ज्याच्यावर अन्याय होतो त्याचं ऐकून स्वतःचं जगणं बदलणं, आणि दोघांनी एकमेकांना जबाबदार राहणं, ही त्यांची एकजूट. हा निकष त्यांना स्वतःलाही लागतो, आणि काही ठिकाणी त्या कमी पडल्या असतील. तुमचं अंतर खरं आहे.

दुर्वांकुर

एक विचारू? येशू त्यांच्या लेखनात कुठे येतो? या सगळ्यात बायका, रोजचं जगणं, लढा आहे, पण येशूबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस.

जाईजुई

चांगला प्रश्न, आणि यावरून त्यांना बोलणीही खावी लागली असतील. मुलाखतींत त्यांना दिसलं की अनेक बायकांचं जवळचं नातं देवाशी, मेरीमातेशी, संतांशी आहे. क्युबन घरात ला कारिदाद देल कोब्रे, मेक्सिकन घरात ग्वादालूपे, दोन्ही मेरीमातेचीच रूपं. या घरगुती भक्तीला शिकलेले पाद्री अडाणीपणा म्हणत. आदा मारियांनी तसं म्हटलं नाही.

येशूवर त्यांनी नंतर लिहिलं, तो निबंध २००४ च्या पुस्तकात आहे. त्याचं नाव घेतलंय निकाराग्वातल्या शेतकऱ्यांच्या मिस्सेमधून. तिथे ख्रिस्ताला म्हणतात, ‘इदेन्तिफिकाते कोन नोसोत्रोस’, आमच्याशी एकरूप हो. आदा मारियांनी शेवटचा ‘ओ’ काढून ‘आ’ केला, ‘नोसोत्रास’. आता ‘आम्ही’ म्हणजे आम्ही बायका. तिकडे एक ‘जी’ गाळला, इकडे एक स्वर बदलला. अशा एकेका अक्षरासाठी या बाई झगडायच्या.

अनुस्वार

धागा उत्तम. पण ‘गणगोत’बद्दल सावध करतो.

‘गोत’ हा मराठीत निरागस शब्द नाही. मराठेशाहीतल्या कागदपत्रांत गोतसभा येते, जातभाई आणि गावकरी बसून निवाडा करत. वाळीत टाकलेल्या माणसाला प्रायश्चित्त देऊन परत ‘गोतात घेत’. म्हणजे गोतात घेणं आहे तिथे गोताबाहेर टाकणंही आहे. आदा मारियांना वर-खाली नको होतं म्हणून त्यांनी राजा काढला. आपण त्या जागी जात बसवतो आहोत. ‘सोयरे’ म्हणावं तर सोयरीक पुन्हा जातीतच होते. इंग्रजीत ‘किन’ म्हणताना त्यांना जी मोकळीक मिळाली, ती मराठी नात्यांच्या शब्दांना नाही.

मुळात ती अक्षराची गंमत फक्त इंग्रजीत जमते. स्पॅनिशमध्ये त्या काय म्हणत?

जाईजुई

स्पॅनिशमध्ये ‘फामिलिया दे दियोस’, देवाचं कुटुंब. ‘रेइनो’ (राज्य) या शब्दातून अक्षर गाळून काही साधत नाही.

आणि गोतसभेचं वाचून मी दोन दिवस गप्प होते. शब्द मागे घेते. मला तो गोड वाटला, कारण माझ्या घराला कोणी कधी गोताबाहेर टाकलेलं नाही.

सीनाकाठ

मी सहसा नुसता वाचतो. आज लिहितो.

आम्ही नगर जिल्ह्यातले ख्रिस्ती. पणजोबा महारवाड्यातून मिशनच्या शाळेत गेले. ‘तुझे राज्य येवो’ ही येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतली ओळ आमच्या घरात चार पिढ्या म्हटली जाते आहे. हा धागा मी माझ्या आजीला वाचून दाखवला, वय ८७, नजर गेली आहे पण कान तीक्ष्ण.

शब्दांची भांडणं आमच्यात जुनी आहेत. पंडिता रमाबाईंनी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं भाषांतर केलं, ते याचसाठी की छापील बायबलची पंडिती मराठी साध्या बाईला कळत नव्हती. १९२२ मध्ये त्या गेल्या, १९२४ मध्ये ते छापून निघालं, आणि छापखान्याचं काम त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनीच केलं. आजीची आई त्या भागातली, त्यामुळे आमच्या घरात हे अभिमानाने सांगतात. आदा मारियांशी याचा थेट संबंध नाही, मला माहीत आहे. पण बाईने बाईसाठी शब्द शोधणं आजीला नवीन वाटलं नाही.

मग मी तिला किन-डम समजावलं. राजा नको, राज्य नको, सगळे भाऊबंद. तिने पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, “भाऊबंद? भाऊबंदकी पाहिलीय मी. राज्यच बरं.” मी म्हटलं, राज्य म्हणजे कोणीतरी वर, कोणीतरी खाली. ती म्हणाली, “दिवाळीत शेजारच्या बाया काय म्हणायच्या? इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो. त्या काय पाटलाचं राज्य मागत होत्या? बळीच्या राज्यात कोणाचं पोट रिकामं नव्हतं म्हणून मागत होत्या. आम्ही चर्चमध्ये तेच मागत होतो. ज्यांनी राज्य केलं त्यांना तो शब्द नको झाला असेल. आमचं तर यायचंय अजून.”

मला फुले आठवले. ‘गुलामगिरी’त, १८७३ मध्ये, त्यांनी येशूला दीनदुबळ्यांचा कैवारी बळी म्हणूनच पाहिलं. आजीने फुले वाचलेले नाहीत.

तेव्हा ताई, तुमच्या बाईंची पद्धतच लावायची तर बायकांना विचारायला हवं, आणि आमच्याकडची बाई ‘राज्य’ म्हणते.

अनुस्वार

सीनाकाठ, आजींना माझा नमस्कार सांगा. मी शब्दाचा इतिहास पाहत होतो, त्या शब्दाचा उपयोग सांगतायत. ‘बळीचं राज्य’ मला सुचायला हवं होतं, माझ्या आईच्या तोंडून दर पाडव्याला ऐकलंय.

प्रश्नचिन्ह

सीनाकाठ यांच्या आजींनी माझा पहिला मुद्दा माझ्यापेक्षा नीट मांडला. कोण कुठून बोलतं यावर ‘राज्य’ जाचक की हवंसं ते ठरतं. आदा मारिया असत्या तर त्यांनी टेपरेकॉर्डर सुरू केला असता, असं मला मनापासून वाटतं.

बावखल

मीही आईला विचारलं. ती म्हणाली, शब्द काहीही ठेवा, पण फुटपाथवरच्या त्या बायकांचं पुढे काय झालं ते विचार त्या मुलीला.

जाईजुई

बावखल, आईंना सांगा, त्या बरीच वर्षं तिथे जमत राहिल्या. आदा मारिया मात्र १३ मे २०१२ ला कर्करोगाने गेल्या, ६९ वर्षांच्या होत्या. इथे तो दिवस मदर्स डेचा रविवार होता.

सीनाकाठ, तुमच्या आजींचं बोलणं मी माझ्या पेशंट आजींना सांगितलं, जमेल तेवढ्या स्पॅनिशमध्ये. बळी समजावताना फार त्रेधा उडाली. मग विचारलं, तुम्ही काय म्हणता? त्यांनी डोळे मिटून ‘तुझे राज्य येवो’वाली अख्खी प्रार्थना म्हटली, त्यात ‘रेइनो’च आला, राज्य. म्हटलं, म्हणजे राज्यच हवं? त्या विचारात पडल्या. म्हणाल्या, ऑपरेशन झालं तेव्हा लेक कामावर होती. वरच्या मजल्यावरची डोमिनिकन बाई तीन रात्री हॉस्पिटलच्या खुर्चीत झोपली. तिचं माझं काही नातं नाही. ती माझी फामिलिया. आणि बहीण क्युबात राहिली, तिला मी एकतीस वर्षं पाहिलं नाही, तीही फामिलिया. राज्य आलं तर दोघी एका टेबलाशी बसतील.

मी लिहून घ्यायला वही काढली, तर म्हणाल्या, आधी पाय. उजवा पाय सरळ ठेवून दहा वेळा उचलायचा होता. सातव्याला थांबल्या, श्वास घेतला, आणि उरलेले तीन केले.